पंप चालू आहे

खांद्यावरची पिशवी न उतरवताच ती माशांच्या टाकीसमोर गुडघ्यांवर बसली. दोन नारिंगी मासे पाण्याच्या अगदी वरच्या थराला लागले होते. तोंडं वर, ओठांची सारखी उघडझाप, शेपट्या खाली लोंबलेल्या. टाकीखालच्या कपाटातून पंपाची नेहमीची घुरघुर येत होती. हवेची बारीक नळी काचेला धरून तळापर्यंत गेली होती, नळीच्या टोकाला सच्छिद्र दगड होता, आणि त्या दगडातून एकही बुडबुडा निघत नव्हता.

“बघितलेस का मासे?” स्वयंपाकघरातून वडिलांनी विचारलं. “हल्ली फार लाडात आलेत. दिवसभर वर येऊन बोलत बसतात माझ्याशी.”

ती काचेच्या आणखी जवळ गेली. मासे तीन होते, आईच्या वेळेपासून. तिसरी पांढरी. ती प्लॅस्टिकच्या झुडपामागे तळाला आडवी पडली होती, आणि तिच्या अंगावर मऊ पांढरट बुरा आला होता.

“ऐकू येतंय ना? चप चप चप. तुझ्या आईच्या राज्यात मुके होते बिचारे. आता बघ!”

वडील ट्रे घेऊन बाहेर आले. घरात ते कशालाही न अडखळता चालत. टेबलाची कड करंगळीने चाचपली, मग ट्रे ठेवला. दोन्ही कप सारखे भरलेले, बशीत थेंब नाही. कुणीही फसलं असतं. मागच्या खेपेला ती फसलीच होती, आणि परत जाऊन भावाला म्हणाली होती, काळजीचं काही नाही, बाबा ठणठणीत आहेत.

या खेपेला भावानेच तिला पाठवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी त्याला फोन केला होता. तुमच्या वडिलांनी मला जिन्यात ‘काय साहेब, आज कामावर नाही का?’ असं विचारलं, आणि मी काही साहेबासारखी दिसत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. भाऊ आधी पोट धरून हसला, आणि मग गप्प झाला. त्याच्या घरी एक खोली रिकामी करून ठेवलेली होती. टाकीला तिथे जागा नव्हती. “ताई, मी विचारलं की म्हणतात, सुईत दोरा ओवून दाखवू का? तू जाऊन बघ. तू म्हणशील ते. तू म्हणालीस न्यायचं, तर मी गाडी घेऊन येतो.”

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली टिकवायची. उरलेली किती, हे मात्र वडिलांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि लेक अशी अचानक कशाला आली, हे त्यांनी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात दोघंही सारखेच पटाईत होते.

“चहा निवतोय,” वडील म्हणाले.

तिने पिशवी टाकीच्या पायथ्याशी टाकली आणि न्हाणीघरातून प्लॅस्टिकचा मग घेऊन आली. टाकीचं झाकण बाजूला केलं, मगभर पाणी काढलं, हात डोक्याच्या वर नेला आणि तेच पाणी उंचावरून टाकीत ओतलं. परत काढलं, परत ओतलं. पाण्यावर फेस उठला. मासे दचकून बाजूला झाले, पण खाली गेले नाहीत.

“पाणी कशाला ओततेस?”

“हवा मिसळायला.”

“मग पंप कशासाठी ठेवलाय? चालू आहे की पंप.”

“पंप चालू आहे, बाबा. हवा येत नाहीये.”

वडील हसले. मनापासून हसले, कारण हे त्यांच्या कानांविषयी बोलणं होतं, आणि कानांच्या बाबतीत त्यांना आजवर कुणी हरवलं नव्हतं.

उभा जन्म त्यांनी कारखान्याच्या हवाघरात काढला होता. अख्ख्या कारखान्याची यंत्रं ज्या दाबाच्या हवेवर चालत, ती हवा भरणारे मोठे कंप्रेसर तिथे होते, आणि ते सांभाळणारे हे. आत शिरलं की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण त्या गोंधळात कुठल्या झडपेचा सूर बिघडलाय हे वडील दारातूनच सांगायचे. सगळे त्यांना कानसेन म्हणत. या नावाचा त्यांना भारी अभिमान होता.

हवाघराचा एक रिवाज होता. पाळी संपली म्हणून कुणी नुसतं उठून जायचं नाही. नवा माणूस आला की जुन्याने त्याचा हात धरून यंत्रावर ठेवायचा आणि म्हणायचं, “चालू आहे.” नव्याने दाबाचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा, आणि मगच म्हणायचं, “घेतली.” जोवर तो ‘घेतली’ म्हणत नाही तोवर जुना सुटत नाही, मग त्याच्या घरी आग लागलेली का असेना. आणि ज्याने काटा पाहिला नाही त्याने ‘घेतली’ म्हणणं, याच्याइतकं मोठं पाप हवाघरात दुसरं नव्हतं.

हे सगळं वडिलांनी घरातही आणून ठेवलं होतं. उतू जाणारं दूध, झोपलेला धाकटा भाऊ, गळकी बादली, सगळं ‘चालू आहे’ म्हणून हातात यायचं. आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा तिघांनी पाळ्या लावल्या होत्या. बाहेर निघताना वडील आईचं मनगट लेकीच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, “चालू आहे.”

“मी काय मशीन आहे?” आई म्हणायची. तोंडाला पदर लावून हसायची.

आईच्या डोळ्यांसमोर काहीतरी हलतं असावं म्हणून ही टाकी तेव्हाच आणली होती. आई गेली. टाकी राहिली, आणि टाकीमुळे वडीलही या घरात राहिले, असं दोन्ही मुलांना वाटे. ते काही चूक नव्हतं.

“ऐक तरी,” वडील आता म्हणत होते. “गरगरतोय की नाही? माझ्या कानावर विश्वास नाही तुझा?”

“हात लावून बघा, बाबा.”

ते टाकीपाशी येऊन बसले. कपाटाचं दार उघडलं, पंपावर तळहात ठेवला. पंप थरथरत होता. “हं,” ते म्हणाले. मग त्यांनी नळी ओढून काढली, पंप उचलला आणि त्याची तोटी खालच्या ओठाशी धरली. फुंकर ओठाला कळते, बोटाला तितकी कळत नाही. ते खूप वेळ तसेच बसून राहिले. पंप त्यांच्या हातात घुरघुरत होता.

“पडदा गेला,” ते म्हणाले. आवाज बरोबरीच्या कामगाराशी बोलावं तसा होता. “आतला रबरी पडदा फाटला की हे असं होतं. यंत्र धडधडत राहतं आणि काम शून्य. आवाज थोडा बोदा होतो. मला कळायला हवं होतं.”

लेक पाणी ओतत होती.

“म्हणजे ते वर येत होते ते...”

“श्वास घ्यायला, बाबा. खाली हवा उरली नव्हती.”

वडिलांनी पंप जमिनीवर ठेवला. पण बटण बंद केलं नाही, तो तिथेच फरशीवर थरथरत हळूहळू सरकत राहिला.

“मला वाटलं, बोलतायत,” ते म्हणाले. “मी खुर्ची ओढून बसायचो इथे. उत्तरंसुद्धा द्यायचो.”

तिला रडू आलं. ते तिने पाण्याच्या आवाजात दडवलं, आणि कानसेनांनी ते ऐकलं असणार, पण ते तिच्याकडे न वळता टाकीकडेच तोंड करून बसले.

“आणि पांढरी?” त्यांनी विचारलं. “तिचा आवाज बरेच दिवस नाही. दाणे टाकले की ती सगळ्यांत जोरात मटकवायची. मला वाटलं, रुसली असेल. तुझ्या आईसारखी.”

“गेली, बाबा.”

“कुठे आहे?”

“झुडपामागे.”

“काढ. दे माझ्याकडे.”

तिने मग खाली ठेवला, बाही वर सारली आणि टाकीत हात घालून पांढरी बाहेर काढली. वडिलांनी दोन्ही हातांची ओंजळ केली होती. अंगठ्याने त्यांनी तिला डोक्यापासून शेपटीपर्यंत चाचपलं, मग परत उलटं.

“केवढी झाली होती,” ते म्हणाले.

तेव्हा लेकीला कळलं, की त्यांना मासे दिसेनासे होऊन खूप काळ लोटला आहे. तिच्या मागच्या खेपेच्या आधीपासून. त्या खेपेला त्यांनी तिला याच टाकीपुढे उभं करून, कोण कसं वाढलंय हे बोट दाखवून सांगितलं होतं.

पांढरीला त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून गॅलरीतल्या मोठ्या कुंडीच्या कडेला ठेवलं. हात धुऊन परत आले ते थेट कामाला लागायच्या तयारीनेच.

“पलंगाखाली हत्यारांची पेटी आहे. तिच्यात सायकलच्या ट्यूबचा तुकडा असेल आणि चिकटवायचं सोल्युशन. आण. आणि तू ओतणं थांबवू नकोस.”

पेटी त्यांच्या पुढ्यात येताच त्यांचा चेहरा बदलला. पंप बंद करून त्यांनी पालथा घातला आणि तळाचे स्क्रू बोटांनी शोधून सोडवले. प्रत्येक स्क्रू काढला की बशीत टाकत होते, चहाच्याच बशीत, थंड झालेल्या कपाशेजारी. आतला पडदा बाहेर काढून त्यांनी नखाने चीर शोधली. ट्यूबचा तुकडा घासला, कापला, सोल्युशन लावलं, फुंकर मारली. कुठेही बोट चुकलं नाही. ती बघत राहिली. भावाने विचारलं होतं, दिसतं का त्यांना? जमतं का, असं त्याने विचारलं नव्हतं.

“आता हे वाळेपर्यंत थांबायचं. घाई केली तर मुसळ केरात. तुझा हात दुखला असेल. दे, मी ओततो.”

तिचा खांदा खरंच भरून आला होता. तिने मग त्यांच्या हातात दिला, त्यांचा दुसरा हात टाकीच्या काठावर ठेवला आणि लहानपणच्या सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, “चालू आहे.”

वडील सवयीनेच काचेकडे वाकले, काटा बघायला वाकावं तसे. आणि तिथेच थबकले. काचेवर त्यांच्या श्वासाचं धुकं जमलं. मग ते सरळ झाले आणि पाणी ओतू लागले. ‘घेतली’ म्हणाले नाहीत.

तिने ते न म्हणणं ऐकलं. बापाचे कान तिला थोडेफार मिळाले होते.

पडदा वाळला, जागेवर बसला. स्क्रू लावताना मात्र एक बारीक स्क्रू त्यांच्या चिमटीतून निसटला आणि टणकन वाजून कुठेतरी गेला. कुठे गेला ते त्यांनी आवाजावरून सांगितलं, कपाटाच्या पायाशी, आणि तो तिथेच होता. पण तिने तो आणून दिला तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही.

“तूच लाव,” ते म्हणाले. “स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसत नाही माझ्याच्याने. आधी बसायचा.”

नजरेविषयी इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला दिलेला हा पहिलाच कबुलीजबाब असेल. तिने स्क्रू लावला, नळी परत तोटीवर चढवली.

पंप सुरू झाला. आधी काहीच झालं नाही. मग नळीतलं पाणी मागे हटत तळापर्यंत गेलं, दगडाच्या एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली, आणि पाठोपाठ सगळा दगड खदखदू लागला.

“आले, बाबा.”

“थांब.” त्यांचा कानांवरचा भरवसा उडाला होता. त्यांनी टाकीत हात घातला, बोटं दगडाच्या वर नेली आणि बुडबुडे बोटांवर फुटू दिले. मनगटावरचं घड्याळ भिजलं तरी हात काढला नाही. “हं. आले.”

मासे लगेच काही खाली गेले नाहीत. बराच वेळ पाण्याच्या थराला चिकटूनच राहिले, जणू त्यांचाही अजून विश्वास बसत नव्हता. मग त्यातला मोठा एकदा खाली गेला, परत वर आला, परत खाली गेला आणि खालीच राहिला. उन्हं समोरच्या इमारतीच्या मागे गेली तेव्हा दोघंही झुडपाशी होते आणि पाण्याच्या वर काही आवाज नव्हता.

“गप्प झाले,” वडील म्हणाले.

“हो.”

“बरं झालं.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “सवय झाली होती.”

दोघं टाकीसमोर उभे होते. वडिलांनी खिशातून रुमाल काढून हात कोरडे केले, एक एक बोट पुसून, पाळी संपल्यावर पुसायचे तसे. मग चाचपत तिचा हात शोधला, धरला, आणि टाकीच्या काचेवर ठेवला. काच गार होती आणि पंपाची थरथर तिच्या तळव्यापर्यंत येत होती. त्यांचा हात तिच्या हातावर होता.

“चालू आहे,” ते म्हणाले.

तिला वाटलं, ते माशांबद्दल बोलताहेत. क्षणभरच वाटलं.

“बाबा...”

“ज्याला काटा दिसत नाही त्याने मशीनपाशी उभं राहायचं नाही. हा नियम मी केलेला नाही, आणि मला तो मोडायचाही नाही. एक जीव गेला माझ्या पाळीत. तुझ्या भावाला सांग, येतो मी. हे दोघं तू ने. तुझ्याकडे जागा आहे.” त्यांनी तिचा हात काचेवर जरा दाबला. “बघ काटा आणि घे.”

तिने पाहिलं. बुडबुडे नीट येत होते. मासे खाली होते. पाण्यात, काचेत, पडद्यात, कशातच आता खोट नव्हती. तिने फक्त एक शब्द म्हणायचा होता, आणि जन्मभर शब्दाला जागलेला हा माणूस सुटणार होता. या घरातून, या खुर्चीतून, आईच्या टाकीसमोरून. तिच्या ओठांवर तो शब्द आला नाही.

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. पिशवी अजून टाकीच्या पायथ्याशीच पडली होती. काचेवरचा हात न काढता तिने वाकून दुसऱ्या हाताने फोन घेतला.

“बघितलंस?” भाऊ म्हणाला. “काय ठरलं? दिसतं का त्यांना?”

“नाही दिसत,” ती म्हणाली. वडिलांचा हात तिच्या हातावर तसाच होता. “मासेही दिसत नाहीत.”

“मग? घेऊन येऊ ना गाडी?”

“ते तयार आहेत. मला ‘चालू आहे’ म्हणाले.”

याचा अर्थ भावाला सांगावा लागला नाही. तोही त्याच घरात वाढला होता.

“मग तू काय म्हणालीस?” त्याने हळूच विचारलं.

“मी घेतली नाही.”

“ताई, अगं, असं कसं...”

“घेतली नाही तर जाता येत नाही ना रे त्यांना. आईच्या वेळी लावल्या होत्या तशा पाळ्या लावू. मी आठवडाभर राहते आहे. पुढचं तू येऊन बोल. इथे येऊन, टाकीपाशी उभं राहून बोल.”

“माझं काम असतं, ताई. आणि हे किती दिवस चालणार?”

“मला माहीत नाही.”

“शनिवारी येतो. बघू,” भाऊ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

वडिलांनी सगळं ऐकलं होतं, त्याचं बोलणंसुद्धा. तरीही त्यांनी विचारलं, “काय म्हणाला?”

“शनिवारी येतोय.”

“आणि तू? एवढासा काटा बघायला एवढा वेळ लागतो?”

“लागणार आहे,” ती म्हणाली.

तिच्या हातावरची त्यांची पकड एकदा घट्ट झाली. मग त्यांनी पायाने मागची खुर्ची शोधली आणि तिच्याकडे सरकवली.

“बस तू,” ते म्हणाले. “तोवर मी आहे उभा.”